‘ग्रॅपल’ : एका शब्दाचें चरित्र

माणसाप्रमाणें शब्दालाही कुळ असतें, जन्मगांव असतें, आणि घर सोडून परदेशीं गेल्यावर पतकरलेला नवा धंदाही असतो. कित्येक शब्दांचा आजचा थाट पाहिला म्हणजे त्यांच्या पूर्वजांनीं मळ्यांत किंवा गलबतावर घाम गाळला असेल, अशी शंकाही कोणास येत नाहीं. इंग्रजी भाषेंतील ‘ग्रॅपल’ हा शब्द अशांपैकींच एक होय. सरकार महागाईशीं ‘ग्रॅपल’ करीत आहे, वैद्य एखाद्या नव्या रोगाशीं ‘ग्रॅपल’ करीत आहेत, अशीं वाक्यें इंग्रजी वृत्तपत्रांतून नित्य वाचावयास मिळतात. विद्यार्थी कोश उघडतो. तेथें ‘घट्ट पकडणें’ असा एक अर्थ आणि ‘झगडणें’ असा दुसरा अर्थ दिलेला आढळतो. पकडणें आणि झगडणें या दोन निराळ्या क्रिया एकाच शब्दाच्या घरांत कशा नांदतात, हा प्रश्न त्याच्या मनांत उभा राहतो. त्याचें उत्तर व्याकरणांत नाहीं. तें इतिहासांत आहे.

या शब्दाचें मूळ एका साध्या आंकड्यांत आहे. जर्मन कुळांतील जुन्या भाषांमध्यें आंकड्याला ‘क्राप्पो’ अशासारख्या उच्चाराचा शब्द होता. फ्रँक लोकांबरोबर तो आजच्या फ्रान्सच्या भूमींत आला आणि तेथील द्राक्षमळ्यांत रुजला. वेलीवरचा घोस आंकडीनें ओढून तोडावयाचा, म्हणून त्या तोडण्याच्या क्रियेला आणि पुढें प्रत्यक्ष घोसालाही त्याच शब्दाचें नांव पडलें. जुन्या फ्रेंच भाषेंत ‘ग्राप’ म्हणजे द्राक्षांचा घोस. इंग्रजांनीं हा शब्द उचलला तेव्हां एक गंमत झाली. त्यांच्या जुन्या भाषेंत द्राक्षाला ‘मद्याचें फळ’ अशा अर्थाचा स्वतःचा शब्द होता. तो मागें पडला, आणि फ्रेंचांनीं घोसाला दिलेलें नांव इंग्रजांनीं घोसांतील एकेका फळाला दिलें. ‘ग्रेप’ म्हणजे द्राक्ष, हा अर्थ असा जन्मास आला. फ्रेंच माणूस द्राक्षाला ‘रेझँ’ म्हणतो. तोच शब्द इंग्रजांच्या घरीं गेला आणि वाळून मनुका झाला!

आंकड्याचें लहान रूप तें आंकडी. त्याचप्रमाणें जुन्या फ्रेंचमध्यें या शब्दाचें ‘ग्रापिल’ असें लहान रूप होतें, आणि तें दर्यावर्दी लोकांनीं आपलेंसें केलें. विहिरींत पडलेली कळशी काढण्यासाठीं आपल्या खेड्यापाड्यांतून जो अनेक नखांचा लोखंडी गळ दोराला बांधून सोडतात, तो ज्यांनीं पाहिला आहे त्यांना या हत्याराचें निराळें वर्णन सांगावयास नको. तसाच, परंतु आकारानें मोठा, असा गळ साखळीला किंवा दोराला बांधून शत्रूच्या जहाजावर फेकीत. त्याचें नांव ‘ग्रॅपल’ किंवा ‘ग्रॅपनेल’. सोळाव्या शतकांत या नामापासून क्रियापद झालें. म्हणजे या क्रियापदाचा पहिला अर्थ ‘झगडणें’ असा नव्हता. ‘गळ टाकून जखडणें’ एवढाच होता.

येथें एक सावधगिरीची सूचना करणें अवश्य आहे. संस्कृतांतील ‘ग्रह्’ धातु आणि त्याचें वेदांतील ‘ग्रभ्’ हें रूप यांशीं ‘ग्रॅपल’चें नातें जोडण्याचा मोह आपल्याकडील वाचकास सहज होतो. इंग्रजींतील ‘ग्रॅब’ या शब्दाचें नातें कित्येक भाषापंडितांनीं त्या धातूशीं जोडलेलें आहे, हें खरें. परंतु ‘ग्रॅपल’ त्या घरचा नव्हे. तो आंकड्याच्या घरचा. उच्चार जुळले म्हणून कुळ जुळत नाहीं, हा भाषाशास्त्राचा पहिला धडा होय.

शब्द जरी अलीकडचा असला तरी वस्तु फार जुनी आहे. इसवी सनापूर्वीं २६० या वर्षीं सिसिली बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर मायली येथें रोम आणि कार्थेज यांच्यामध्यें आरमारी लढाई झाली. कार्थेजचे लोक समुद्रावर वाढलेले. रोमन लोक केवळ जमिनीवरचे शिपाई. त्यांच्या वल्हेकऱ्यांना वल्हीं मारण्याचा सराव कोरड्या जमिनीवर बांकें मांडून द्यावा लागला होता. नौकानयनाच्या कौशल्यांत आपला टिकाव लागणार नाहीं हें ओळखून रोमनांनीं एक युक्ति योजिली. ग्रीक इतिहासकार पॉलिबिअस यानें तिचें वर्णन दिलें आहे. जहाजाच्या नाळेवर २४ फूट उंचीचा खांब उभा केलेला असे. त्याला ३६ फूट लांब व ४ फूट रुंद असा फळ्यांचा पूल जोडलेला असे, आणि पुलाच्या टोंकाखालीं मुसळासारखा अणकुचीदार लोखंडी सुळा असे. शत्रूचें जहाज जवळ येतांच दोर सोडून हा पूल त्याच्यावर आदळावयाचा. सुळा फळ्यांत घुसला कीं दोन्ही जहाजें एकमेकांस जखडलीं, आणि रोमन शिपाई पुलावरून पलीकडे गेले. समुद्रावरची लढाई क्षणांत जमिनीवरच्या लढाईसारखी झाली. कॉन्सल ड्युइलिअस याच्या हाताखालीं रोमनांनीं त्या दिवशीं शत्रूचीं सुमारें ५० जहाजें गमावावयास लावलीं, आणि कार्थेजच्या सेनापतीला लहानशा होडींतून पळून जावें लागलें.

या यंत्राला डोमकावळा अशा अर्थाचें नांव पडलें होतें. योगायोग असा कीं, अरबी भाषेंत ‘घुराब’ म्हणजेही डोमकावळाच, आणि तेंच एका जातीच्या गलबताचें नांव. तेंच नांव मराठ्यांच्या आरमारांत ‘गुराब’ झालें. इंग्रज लेखक हा शब्द ‘ग्रॅब’ असा लिहीत. त्यामुळें त्याचा ‘पकडणें’ या क्रियापदाशीं संबंध असावा असें उगाच वाटतें, पण तसा संबंध नाहीं. आंग्र्यांच्या आरमाराची लढण्याची पद्धति अठराव्या शतकांतील इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्म यानें सांगितली आहे. गुराबांनीं प्रथम दुरून तोफा डागून शत्रूच्या डोलकाठ्या पाडाव्या. तो पांगळा झाला म्हणजे वल्ह्यांवर चालणाऱ्या चपळ गलबतांनीं चोहों बाजूंनीं जाऊन त्याला बिलगावें, आणि माणसांनीं तलवारी उपसून वर चढावें. दूर केव्हां राहावें आणि अंगाला केव्हां भिडावें, याचा विवेक त्या पद्धतींत होता.

रोमनांच्या ‘डोमकावळ्या’ची कथा मात्र विजयाशीं संपत नाहीं. इसवी सनापूर्वीं २५५ मध्यें सिसिलीच्या दक्षिण किनाऱ्यावर कामारिनाजवळ वादळ होऊन रोमचीं बहुतेक सर्व जहाजें बुडालीं. पॉलिबिअसच्या हिशेबानें ३६४ जहाजांपैकीं अवघीं ८० वांचलीं. नाळेवर बसविलेल्या त्या जड पुलामुळें जहाजांचा तोल बिघडत असावा, असा तर्क कित्येक इतिहासकारांनीं केला आहे. तें कांहींही असो. पुढील युद्धवर्णनांतून हें यंत्र नाहींसें होतें. पकड सुटली नाहीं तरी पकडीचें रूप बदललें. इसवी सनापूर्वीं ३६ मध्यें नाउलोखस येथील लढाईंत आग्रिप्पा यानें पांच हात लांबीचें, लोखंडाच्या पट्ट्यांनीं मढविलेलें लांकूड वापरलें. त्याच्या एका टोंकाच्या कडीला लोखंडी आंकडा आणि दुसऱ्या टोंकाच्या कडीला दोर. तें यंत्रानें फेकावयाचें, आणि शत्रूच्या जहाजांत रुतलें कीं दोर ओढून घ्यावयाचे. पट्ट्यांमुळें लांकूड तोडतां येत नसे, आणि लांकूड लांब असल्यामुळें मागचा दोर कापावयास हात पोंचत नसे. जखडलेल्या जहाजाला सुटका नसे.

सुमारें सोळाशें वर्षांनंतर, १५८८ सालीं, हाच प्रश्न पुन्हां उभा राहिला. स्पेनच्या दुसऱ्या फिलिप राजानें सुमारें १३० जहाजांचें आरमार इंग्लंडवर धाडलें. त्यावर शिपायांचा भरणा मोठा होता. इंग्रज दुरून तोफांचा मारा करूं पाहतील; तुम्हीं मात्र त्यांना गांठून जहाजास जहाज भिडवावें, अशी सूचना राजानें आपल्या सेनापतीस आधींच दिली होती. इंग्रजांना तें ठाऊक होतें. वाऱ्याचा फायदा घेऊन त्यांनीं अंतर राखलें, आणि स्पॅनिश गळ रिकामेच राहिले. हॉवर्डनें धैर्य दाखवून शत्रूला मिठी घातली नाहीं, अशी टीका पुढें कित्येकांनीं केली. वॉल्टर रॅले यानें १६१४ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या जगाच्या इतिहासांत तिला खरमरीत उत्तर दिलें: ज्याच्या जहाजावर सैन्य नाहीं त्यानें सैन्यानें भरलेल्या जहाजाला जखडून घेणें हें शौर्य नव्हे, वेडेपणा होय.

रॅलेचा हा विचार ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. गळ टाकणारा शत्रूला बांधतो, तसाच स्वतःलाही बांधून घेतो. दोर एकच असतो, आणि त्याला दोन टोंकें असतात.

याचें सर्वांत बोलकें उदाहरण म्हणजे २३ सप्टेंबर १७७९ ची रात्र. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धांत जॉन पॉल जोन्स याचें ‘बॉनम रिशार’ हें जुनें व्यापारी जहाज आणि ‘सेरापिस’ हें नवें इंग्रजी लढाऊ जहाज यांची गांठ इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर फ्लँबरो हेड या भूशिराजवळ पडली. सेरापिसच्या तोफा सरस होत्या आणि तें वळावयालाही चपळ होतें. दूर राहून लढलें तर आपण बुडणार, हें जोन्सनें जाणलें. जहाजें एकमेकांवर येऊन आदळलीं तेव्हां त्यानें गळ टाकविले, आणि स्वतःच्या हातानें दोर घेऊन शत्रूच्या जहाजाला आपल्या डोलकाठीशीं बांधलें. सेरापिसचा कप्तान पीअर्सन यानें नांगर टाकून पाहिला. हेतु हा कीं, प्रवाहानें जोन्सचें जहाज वाहत जावें व मिठी सुटावी. मिठी सुटली नाहीं. चांदण्या रात्रीं तोफांचीं तोंडें एकमेकांस लागतील इतक्या अंतरावरून कित्येक तास संहार चालला, आणि शेवटीं शरण आला तो पीअर्सन. परंतु जिंकणाऱ्याचें जहाजही वांचलें नाहीं. तें दोन दिवसांत बुडालें, आणि विजयी जोन्सला हरलेल्या शत्रूच्या जहाजावर बसून परत जावें लागलें. ‘ग्रॅपल’ या शब्दाचा सगळा अर्थ या एका रात्रींत सांठवलेला आहे. ज्यानें पकडलें त्याला सोडतां आलें नाहीं, आणि ज्यानें न सोडण्याची तयारी ठेवली तोच जिंकला. पण जसा गेला तसा परत आला नाहीं.

समुद्रावरचा हा शब्द जमिनीवर उतरला तो सोळावें शतक सरतां सरतां. दोन जहाजांची मिठी आणि दोन मल्लांची मिठी यांतील साम्य डोळ्यांत भरण्यासारखें होतें. तेव्हांपासून दोन माणसें एकमेकांस भिडून जें बाहुयुद्ध करितात त्यालाही हा शब्द लागूं लागला. ‘पकडणें’ आणि ‘झगडणें’ हे दोन अर्थ एका घरांत आले ते येथें. मराठी वाचकास हें समजावयाला कोल्हापूरच्या एखाद्या आखाड्याची आठवण पुरेशी आहे. सलामी झाल्यावर मल्ल प्रथम खडाखडी करितात. हात हाताला लावून, मान मानेशीं भिडवून एकमेकांच्या बळाचा अंदाज घेतात. जाणता प्रेक्षक तेवढ्याला कुस्ती म्हणत नाहीं. पकड बसली म्हणजे कुस्तीला सुरुवात झाली. त्यानंतर दोघांनाही मोकळें होतां येत नाहीं. एकाचा प्रत्येक डाव दुसऱ्याच्या अंगाला कळतो. इंग्रजी ‘ग्रॅपल’ म्हणजे खडाखडी नव्हे, तर तिच्यानंतरची पकड.

शरीरापासून मनाकडे जावयास शब्दाला फार काळ लागला नाहीं. शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’ नाटकांत पोलोनिअस परदेशीं निघालेल्या मुलाला उपदेश करितो, तेथें हा शब्द पारखून घेतलेल्या मित्रांच्या संबंधांत आला आहे. तेथें झगडा मुळींच नाहीं. केवळ न सुटणारी पकड आहे. उलट मिल्टननें १६४४ सालीं मुद्रणस्वातंत्र्यावर लिहिलेल्या ‘अॅरिओपॅजिटिका’ या निबंधांत सत्य आणि असत्य यांच्या संबंधांत हाच शब्द योजिला. पुस्तक छापण्यापूर्वीं सरकारची परवानगी घ्यावी असा हुकूम पार्लमेंटनें त्याच्या आदल्या वर्षीं काढला होता. सत्याच्या रक्षणासाठीं असत्याला दाराबाहेर ठेवावें, असें परवान्याच्या पुरस्कर्त्यांचें म्हणणें. मिल्टननें आखाड्याच्या भाषेंत त्याला उत्तर दिलें. सत्याला कुंपण नको, प्रतिमल्ल हवा, हें त्या उत्तराचें सार. परवान्याची ती पद्धति इंग्लंडांत १६९५ सालीं सरली. शब्दाला मात्र विचारांच्या राज्यांत कायमची जागा मिळाली.

आतां प्रयोगाकडे वळावें. या क्रियापदाला इंग्रजींत ‘विथ’ हें शब्दयोगी अव्यय लागतें, मराठींतील ‘शीं’. ‘फाइट’ आणि ‘स्ट्रगल’ या क्रियापदांना ‘अगेन्स्ट’ म्हणजे ‘विरुद्ध’ हेंही चालतें. ‘ग्रॅपल’ला तें शोभत नाहीं. कारण उघड आहे. विरुद्ध उभें राहणें दुरूनही साधतें, जखडून घेणें दुरून साधत नाहीं. दुसरा शेजारचा शब्द ‘ग्रास्प’. त्यांत वस्तु मुठींत आलेली असते. एखादा सिद्धांत ‘ग्रास्प’ केला म्हणजे तो समजला. ‘ग्रॅपल’ केला म्हणजे समजून घेण्याचा प्रयत्न अद्याप चालू आहे. तिसरा ‘टॅकल’. हाही जहाजावरच्या दोर-कप्प्यांतून आलेला शब्द. परंतु त्यांत काम हातीं घेऊन मार्गीं लावण्याचा भाव आहे. ‘ग्रॅपल’ निकालाची हमी देत नाहीं. तो एवढेंच सांगतो कीं, हात पोंचला आहे आणि सुटलेला नाहीं.

शत्रु नसतांनाही ही क्रिया किती खडतर असते, हें अटलांटिक महासागराच्या तळाशीं गेलेल्या तारेच्या कथेवरून कळतें. १८६५ च्या जुलैमध्यें ‘ग्रेट ईस्टर्न’ हें त्या काळचें जगांतील सर्वांत मोठें जहाज आयर्लंडच्या व्हॅलेन्शिया बेटापासून न्यू फाउंडलंडपर्यंत समुद्रतार टाकीत निघालें. सुमारें १,२०० मैल तार टाकून झाली असतां २ ऑगस्ट रोजीं ती तुटली आणि तिचें टोंक सुमारें अडीच मैल खोल पाण्यांत नाहींसें झालें. वर खूण नाहीं, खालीं उजेड नाहीं. मनगटाएवढीसुद्धां जाड नसलेली तार महासागराच्या तळाशीं चिखलांत पडलेली. मुख्य अभियंता सॅम्युएल कॅनिंग यानें ती गळानें शोधण्याचें ठरविलें. पांच नखांचा लोखंडी गळ सोडला म्हणजे तो तळाला पोंचावयास सुमारें दोन तास लागत. मग तारेच्या दिशेला आडवें असें जहाज हळूहळू न्यावयाचें आणि दोरावरचा ताण दाखविणाऱ्या यंत्राकडे डोळे लावून बसावयाचें. ताण वाढला कीं समजावें, गळाला कांहीं लागलें. तार खरोखरच लागली. एकदां नव्हे, अनेकदां लागली. परंतु वर ओढतां ओढतां दर वेळीं दोराची जोडकडी तरी निसटली किंवा दोर तरी तुटला. दोर संपल्यावर जहाज रिकाम्या हातीं परतलें.

पुढच्या वर्षीं ग्रेट ईस्टर्ननें नवी तार टाकली, आणि २७ जुलै १८६६ रोजीं ती न्यू फाउंडलंडमधील ‘हार्ट्‌स कंटेंट’ या गांवीं पोंचली. जगाच्या दृष्टीनें काम संपलें होतें. परंतु तीं माणसें हरवलेली तार काढावयास पुन्हां समुद्रांत गेलीं. १७ ऑगस्ट रोजीं तार पाण्यावर आली. खलाशांनीं ती डोळ्यांनीं पाहिली, जयघोष केला, आणि पांच-दहा मिनिटांच्या आंत ती निसटून पुन्हां तळाशीं गेली. याहून मन खचविणारा प्रसंग विरळा. तेव्हां त्यांनीं पकडीची रीत बदलली. एका जागीं ओढल्यानें सगळा भार एका गळावर येतो. म्हणून निरनिराळ्या ठिकाणीं निरनिराळ्या जहाजांनीं गळ लावावे असें ठरलें. ‘मेडवे’ या जहाजानें पश्चिमेकडे तार धरून ती मुद्दाम तोडली, म्हणजे ग्रेट ईस्टर्नच्या गळावरचा ताण कमी झाला. जी तार तुटूं नये म्हणून वर्षभर धडपड चालली होती, तीच वर आणण्यासाठीं एके ठिकाणीं तोडावी लागली. १ आणि २ सप्टेंबरच्या मधल्या रात्रीं तार जहाजावर आली. ती विद्युत्‌परीक्षेच्या खोलींत नेण्यांत आली. आंत टांचणी पडली तरी ऐकूं यावी अशी शांतता होती. तिकडे व्हॅलेन्शियाच्या तारघरांत त्या मुक्या तारेवर एक वर्षाहून अधिक काळ पहारा ठेवण्यांत आला होता. आरशावरून पडणारा प्रकाशाचा ठिपका एकाएकीं हलला, आणि आयर्लंडाहून उत्तर आलें. तार जोडून ८ सप्टेंबर रोजीं किनाऱ्यास नेण्यांत आली, आणि एकाऐवजीं दोन तारा दोन खंडांमध्यें बोलूं लागल्या. हेंच ग्रेट ईस्टर्न १८७० सालीं मुंबईस आलें आणि त्यानें मुंबईपासून एडनपर्यंत तार टाकली. समुद्राच्या तळाशीं असलेल्या आजच्या काचतंतूंच्या तारा तुटल्या म्हणजे खोल पाण्यांत त्या काढावयास अद्यापही गळच सोडावा लागतो.

या कथेंतील माणसें खऱ्या अर्थानें ‘ग्रॅपल’ करीत होतीं. गळ तारेला लागला कीं जहाजही तारेला बांधलें जाई; मग वारा सुटो, धुकें पडो, तें तेथेंच हवें. हात घालावयाचा आणि हातही अडकूं द्यावयाचा नाहीं, अशी सोय या क्रियेंत नाहीं.

विसाव्या शतकांत या शब्दाची विटंबनाही झाली. ब्रिटननें १९५७ आणि १९५८ सालीं प्रशांत महासागरांतील मॉल्डन व ख्रिसमस बेटांवर हायड्रोजन बाँबच्या चांचण्या घेतल्या. त्या मोहिमेला ‘ग्रॅपल’ हें सांकेतिक नांव होतें. छातीला छाती भिडविण्याचा हा शब्द ज्या अस्त्राच्या जवळ कोणालाही जातां येत नाहीं त्याला मिळाला! त्या मोहिमेंत हजारों सैनिकांना चांचण्यांच्या प्रदेशांत ठेवण्यांत आलें होतें, आणि त्यांच्या प्रकृतीवर काय परिणाम झाला हा वाद पुढें कित्येक दशकें चालला. वृत्तपत्री भाषेंतील विटंबना इतकी भयंकर नाहीं, पण ती रोजची आहे. एखाद्या प्रश्नावर समिति नेमली, परिषद भरविली, निवेदन काढलें, म्हणजे त्या प्रश्नाशीं ‘ग्रॅपल’ केलें असें लिहिण्याचा प्रघात पडला आहे. ही खडाखडी होय. पकड अद्याप दूर आहे.

मराठींत या शब्दाला प्रतिशब्द कोणता? ‘सामना करणें’ यांत समोर उभें राहणें आहे, स्पर्श नाहीं. ‘झगडणें’ यांत कष्ट आहेत, पकड नाहीं. ‘हात घालणें’ हा सुंदर प्रयोग आहे. प्रश्नाला हात घातला म्हणजे स्पर्श झाला, पण ती केवळ सुरुवात. ‘भिडणें’ अधिक जवळचें. सर्वांत जवळचा शब्द बहुधा ‘झोंबी’ हाच ठरावा. झोंबी दुरून घेतां येत नाहीं, ती एकट्याची नसते, आणि तिला ‘शीं’ हाच प्रत्यय लागतो. शिक्षणासाठीं दारिद्र्याशीं आणि घरच्या विरोधाशीं झुंजणाऱ्या मुलाची कथा सांगणाऱ्या आपल्या आत्मचरित्रात्मक कादंबरीला आनंद यादव यांनीं १९८७ सालीं ‘झोंबी’ हेंच नांव दिलें, तें या दृष्टीनें किती समर्पक आहे! तेथें परिस्थितीनें मुलाला धरलेलें आहे आणि मुलानेंही परिस्थितीला धरलेलें आहे.

द्राक्षाच्या वेलीपासून निघालेला हा शब्द जहाज, आखाडा, तत्त्वचर्चा आणि महासागराचा तळ असा फिरून आला. धंदे बदलले, पण कुळाचा धर्म त्यानें सोडला नाहीं: आंकडा लागला पाहिजे. म्हणून इंग्रजी वाक्यांत हा शब्द योजतांना, किंवा त्याचें मराठी करतांना, लिहिणाऱ्यानें एवढें विचारावें कीं, ज्याच्याविषयीं हें लिहिलें जात आहे त्याचा हात त्या वस्तूपर्यंत पोंचला आहे काय, आणि त्या वस्तूनें त्यालाही धरून ठेवलें आहे काय? दोन्ही प्रश्नांचें उत्तर होकारार्थी असेल तरच हा शब्द तेथें वापरावा. नसेल तर ‘विचार चालू आहे’ असें साधें वाक्य लिहावें. तें खरें तरी असेल.